स्वतःच्याच कंपनीला दिलेले पैसे

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमची पुठ्ठ्याच्या खोक्यांची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक दोघंच, हे आणि मी. मागच्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं, कागदवाल्याची उधारी वाढली. तेव्हा शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पीएफमधले ६ लाख मी कंपनीत टाकले. ह्यांनी माझ्या पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढलं आणि तेही अडीच लाख कंपनीच्या खात्यात भरले.

मे महिन्यात रामदासपेठेत आमच्या सीएंकडे हिशेब घेऊन गेलो. खातेउताऱ्यातल्या अडीच लाखांवर त्यांनी पेन टेकवला. "भाऊ, हे कुठून आणले?"

ह्यांनी सांगितलं. वर म्हणाले, "कंपनी माझीच, पैसे माझेच. कागद कायले पाहिजे?"

सीएंनी एका पानाचं घोषणापत्र पुढे सरकवलं. प्रायव्हेट कंपनीला संचालकाकडून पैसे घेता येतात, पण ते पैसे दुसऱ्याकडून कर्जाऊ घेतलेले नाहीत असं संचालकाने पैसे देतानाच लिहून द्यायचं असतं. कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या २०१४ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. तसं लिहून दिलेलं नसेल तर ती रक्कम ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. पीएफच्या पैशांसाठी मी पैसे देताना सही केली होती, कारण तेव्हा सीएंनीच कागद पाठवला होता. गोल्ड लोनच्या पैशांवर ह्यांना तशी सही करताच येत नव्हती. ह्यांचा चेहरा उतरला. घर वाचवायला धावणाऱ्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग कंपनीने ते अडीच लाख बँकेतूनच ह्यांना परत केले, ह्यांनी गोल्ड लोन बंद केलं आणि मी उरलेली एफडी मोडून तेवढेच पैसे दिले, रीतसर घोषणापत्रासकट. मजुरीसाठी कंपनीला उसने द्यायला ह्यांनी ४५,००० रोख काढून ठेवले होते, तेही थांबवले. कर्ज २०,००० किंवा जास्त असेल तर रोखीने घेता येत नाही. घेतलं तर घेतल्याइतकाच दंड. पीएफचा आणि एफडीचा उतारा फाइलला लावला, कारण पैशाचा स्रोत दाखवता आला नाही तर ती रक्कम कंपनीचंच उत्पन्न धरली जाऊ शकते.

व्याजाचा प्रश्न मी विचारला. १२ टक्क्यांनी साडेआठ लाखांचे वर्षाला १,०२,००० होतात. कंपनी तोट्यात, तिचा तोटा नुसता फुगणार; खात्यात व्याज जमा दाखवलं की १०,२०० टीडीएस लगेच कापायचा, आणि ते व्याज माझ्या उत्पन्नात धरलं जाणार. नको म्हटलं. बिनव्याजी देण्याला आडकाठी नाही.

मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या गोष्टीने. कंपनी बुडाली तर? माझा सावकारीचा धंदा नाही, त्यामुळे बुडीत कर्ज म्हणून मला वजावट मिळत नाही. आणि मी कर्ज माफ केलं, तर प्राप्तिकर कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर माफ झालेली रक्कम कंपनीचं उत्पन्न ठरवली जाण्याचा धोका आहे. म्हणून माफीचा विषय आम्ही घरात बंद केला.

जूनअखेर डीपीटी-३, म्हणजे कंपनीने घेतलेल्या कर्ज-ठेवींची माहिती देणारा वार्षिक फॉर्म, भरला, त्यात साडेआठ लाख दाखवले. अडकलेलं पेमेंट हळूहळू सुटतंय. या महिन्यात कंपनीने पहिले २५,००० माझ्या खात्यात परत टाकले. पगार म्हणून घेतले असते तर उत्पन्नात धरले गेले असते; मुद्दलाच्या परतफेडीवर कर नाही. एनईएफटी करताना शेऱ्याच्या रकान्यात ह्यांनीच टाइप केलं : संचालक कर्ज परतफेड.