बांधाची केस आणि मोजणीची तारीख : माझा अनुभव

लोकं उगाच कोर्टाला शिव्या देतात. आमच्या केसमधे कोर्टाने आपलं काम केलं, घोडं पेंड खात होतं ते मोजणी ऑफिसात. अजून विषय निघाला की डोकं तापतं.

तापीकाठचं आमचं केळीचं शेत, आजोबांनी जुन्या सर्वे नंबरवर घेतलेलं, खरेदीखतात चतुःसीमा स्पष्ट, पूर्वेला नाला वगैरे. पुढे एकत्रीकरण योजनेत सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले आणि शेजारचे अण्णा बांध सरकवत सरकवत आमच्या हद्दीत आले. वर म्हणे सातबाऱ्यावर तुमचं क्षेत्र पूर्ण आहे ना, मग कशाला बोंबलता. दावा, मनाई अर्ज, जैसे थे चा हुकूम हे वकील साहेबांनी पटापट केलं.

मग आलं कोर्ट कमिशन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली अर्ज दिला, मंजूर झाला, भूमी अभिलेखने, म्हणजे त्याच मोजणी ऑफिसने, मोजणी करून नकाशा कोर्टात द्यायचा. कोर्टाचं पत्र ऑफिसला मिळालंच नाही म्हणे! आवक रजिस्टर उघडायला लावलं, नोंद निघाली, तर "भो, साहेब फिल्डवर आहेत". फी भरली, तारीख पडली, अण्णा हजर, आम्ही हजर, पंच हजर आणि भूकरमापकच नाही, इलेक्शन ड्युटी. पुढची तारीख भर पावसाळ्यात, वावरात पाय ठेवता येईना. त्यानंतर ऐकवलं की केळी उभी आहे, लाईन दिसत नाही, बाग निघाल्यावर या. अरे पण बाग निघते कधी? घड कापला की त्याच खोडाचं पील वाढतं, पिलबाग धरली की पुन्हा वर्ष गेलं. केळीच्या पट्ट्यातल्या ऑफिसला हे मी समजावून सांगायचं! शेवटी वकिलांनी कोर्टात अर्ज दिला, ऑफिसकडून खुलासा मागवा म्हणून. खुलासा मागितल्याबरोबर तारीख मिळाली, तीच केळी उभी असताना, आणि रोव्हर (उपग्रहावर चालणारं मोजणीचं यंत्र) घेऊन आलेल्या पोराने दुपारच्या आत काम उरकलं. मला हसावं की रडावं कळेना.

नकाशा आला तर त्यात नुसती रेकॉर्डची हद्द, अण्णांची वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष ताबा, कुठपर्यंत आहे ते दाखवलंच नाही. मग अतिक्रमण किती ते कसं कळणार? परत अर्ज, परत पत्र. म्हणून कमिशनच्या अर्जातच लिहून घ्या की रेकॉर्डप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट, दोन्ही एकाच नकाशात वेगवेगळ्या दाखवाव्यात, मधलं क्षेत्र आर मधे लिहावं. आणि कोर्टाचं पत्र हमदस्त, म्हणजे आपल्या हातात, मागा, स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, टपालावर सोडू नका.

हां, जुना सर्वे नंबर म्हणजेच आजचा गट हे दाखवायला एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा लागतो, तो आधीच काढून ठेवा, आमच्या खरेदीखताला त्यानेच जीव आला. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर साधारणपणे चतुःसीमा धरतात, आणि सातबारा हा महसुली कागद आहे, त्यावर क्षेत्र पूर्ण दिसतं म्हणून बांध जाग्यावर आहे असं होत नाही. अण्णांच्या वकिलाचा सगळा भर सातबाऱ्यावरच होता.

निकाल आमच्या बाजूने लागला, सर्टिफाईड नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाकला. जिल्हा कोर्टात अपिलाला अण्णांना ३० दिवस आहेत, करायचं तर करू देत, पण परत मोजणी मागितली तर त्या ऑफिसच्या पायऱ्या आता त्यांनीच चढायच्या.