व्हँकोमायसिनची लेव्हल आणि रिपोर्टवरची चुकीची वेळ : माझा अनुभव

आईला शुगर जुनी, पायाच्या हाडापर्यंत इन्फेक्शन गेलेलं, कल्चरमध्ये एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू आला आणि व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, सकाळी दहा आणि रात्री दहा. ॲडमिशन, मेडिक्लेम, औषधं, सगळं सोलापुरातच नीट झालं. माझं डोकं अजून तापतं ते रिपोर्टवरच्या एका ओळीमुळं, कलेक्शन टाइम.

हे औषध रक्तात कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त साठलं तर किडनीला त्रास होतो. म्हणून पुढच्या डोसच्या अर्धा तास आधीच्या टप्प्यात रक्त घेऊन लेव्हल बघतात, त्याला ट्रफ म्हणतात, आणि पहिली लेव्हल साधारण चौथ्या डोसच्या आधी करतात. आमचे डॉक्टर १५ ते २० धरतात.

तर झालं असं की बिलिंगवाल्यांनी सकाळी सात दहाला टेस्टची एंट्री केली, बारकोड निघाला, आणि सिस्टरनी रक्त घेतलं नऊ चाळीसला, अगदी बरोबर वेळेला, मी तिथंच उभा होतो. ट्यूब पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, लेव्हल २६, आणि कलेक्शन टाइम सात दहा! म्हणजे सिस्टिमनं बारकोड काढल्याची वेळच रक्त घेतल्याची वेळ म्हणून छापली.

आता २६ हा आकडा सातचा असेल तर दहापर्यंत तो आणखी उतरला असता, वीसच्या आसपास, म्हणजे चालण्यासारखं. पावणेदहाचा असेल तर औषध सरळ सरळ जास्त होतंय. आणि आईचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीवर ताण आला की रक्तात वाढणारा आकडा, १.१ वरून १.७ वर गेलेलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरची वेळ बघितली आणि म्हणाले हा ट्रफच नाही, परत पाठवा. मी सांगतोय की नऊ चाळीसला घेतलंय, ते म्हणतात लेखी पाहिजे. त्यांचंही बरोबर आहे, नातेवाइकाच्या तोंडी शब्दावर किडनीचा निर्णय कोण घेईल?

खाली लॅबच्या काउंटरवर गेलो तर तिथला मुलगा म्हणतो, "सर, सिस्टिममध्ये हेच येतं, आम्हाला बदलता येत नाही." मग कुणाला येतं? "पुण्याला मेल करावा लागंल." मेल करा की मग! तर त्याला वॉर्डचं पत्र पाहिजे, वॉर्डमध्ये गेलो तर ते म्हणतात पत्र लॅबनं द्यायचं, परत खाली आलो तर काउंटरवाला जेवायला गेलेला, आणि इकडं रात्रीचा डोस द्यायचा की थांबवायचा हे कुणीच सांगेना. बाहेर सोलापूरचं ऊन आणि आत मी या जिन्यावरून त्या जिन्यावर. खरं सांगतो, इतका राग मला आयुष्यात क्वचित आलाय.

शेवटी सुटलं कुठं, तर सिस्टरांच्या वहीत. आपल्या नोंदीत त्यांनी पेनानं लिहून ठेवलं होतं, "९.४० व्हँको लेव्हल सॅम्पल, डावा हात", आणि खाली "१०.०५ डोस सुरू". ते पान डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक मिनिट बघितलं आणि रात्रीचा डोस थांबवला, नंतर डोस कमी केला. पुढची लेव्हल १७ आली, क्रिएटिनीनही उतरायला लागलं. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

डावा हात का लिहिलं हेही नंतर कळलं, सलाईन उजव्या हाताला होती. ज्या सुईतून औषध जातं तिथूनच रक्त घेतलं तर आकडा खोटाच जास्त येऊ शकतो, त्यामुळं दुसऱ्या हातातूनच घ्या म्हणून सांगा, लाजू नका.

तुमच्या घरी कुणाला हे औषध चालू असेल तर फॉर्मवर आधीचा डोस कधी संपला आणि रक्त कधी घेतलं, दोन्ही वेळा पेनानं लिहून घ्या, ट्यूबच्या लेबलवरही, आणि फोटो काढून ठेवा. अमिकासिन किंवा जेंटामायसिन हे अँटिबायोटिक असेल तरीही हेच, त्यात किडनीसोबत कानालाही धोका असतो, कानात आवाज येतोय किंवा कमी ऐकू येतंय असं पेशंट म्हणाला तर लगेच सांगा.

नवीन गाईडलाईनमध्ये, म्हणजे २०२० च्या अमेरिकेतल्या, नुसत्या ट्रफऐवजी एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहिलं त्याचा हिशेब, ४०० ते ६०० ठेवायला सांगितलंय असं डॉक्टर म्हणाले, त्याला बऱ्याचदा दोन सॅम्पल लागतात, म्हणजे दोन्ही वेळा लिहून घ्यायच्या.

आणि हो, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी मेडिकलमधून आणून परस्पर देऊ नका, किडनीवर दुहेरी ताण येतो, आधी डॉक्टरांना विचारा.