शिल्लक जुळली का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका पतपेढीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्या सोमवारी पावणेबाराच्या सुमारास मॅनेजरकाकांचा फोन आला, "अहो, लगेच या. सगळ्यांची शिल्लक एकच दिसतेय!"

एका सभासदाची शिल्लक दुरुस्त करताना आमच्याच पोराकडून अपडेटच्या आज्ञेतली व्हेअरची अट, म्हणजे बदल कुठल्या खात्यावर करायचा ते सांगणारी, राहून गेली होती. सगळ्या खात्यांवर 4,250 रुपये. पोरगा पांढराफटक पडलेला. म्हटलं, "आधी अ‍ॅप बंद कर. बाकीचं मागाहून बघू."

पहाटे दोनचा पूर्ण बॅकअप होता, पण त्यात सकाळचा भरणा कुठून असणार? तो वॉल फाइलींत, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो प्रत्येक बदल आधी तिथे लिहितो. 16 एमबीची एकेक फाइल भरली की आमच्याकडे ती दुसऱ्या मशीनवर जाते. अर्धवट भरलेली चालू फाइलही तिकडे पाठवली आणि मूळ सर्व्हरला हात न लावता दुसरीकडे बॅकअप उतरवला.

आता वॉलमधले बदल त्या बॅकअपवर पुन्हा लावायचे, पण चुकीच्या अपडेटच्या आधी थांबायचं. लॉगमध्ये त्या अपडेटची वेळ होती 06:12:31, यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. साडेपाच तास मिळवून मी रिकव्हरी थांबवायची वेळ लिहिली 11:42:30, आणि पुढे +05:30 लिहायचं विसरलो. सर्व्हरने ती यूटीसी धरली, म्हणजे आपली संध्याकाळची 5:12. सगळ्या फाइली चालल्या, ते चुकीचं अपडेटसुद्धा पुन्हा लागलं, आणि ठरलेली वेळ आलीच नाही म्हणून रिकव्हरी फेटल एरर देऊन थांबली. वॉल उलटा चालवता येत नाही. डिरेक्टरी रिकामी करून बॅकअप पहिल्यापासून उतरवायला घेतला. ती पंचवीस मिनिटं मला फार जड गेली. बाहेर माणसं ताटकळत होती, आणि आता चूक माझी होती.

दुसऱ्यांदा रिकव्हरी नेमक्या सेकंदाला थबकली. या अवस्थेत डेटाबेस नुसता वाचता येतो, आणि तपासून घ्यायची वेळ हीच. स्क्रीनवर काहीही येवो, कागदावरचा आकडा जुळल्याशिवाय माझा जीव खाली पडत नाही. बाकावर एक आजी बसल्या होत्या, 11:20 ला पासबुक भरून घेतलेल्या.

"आजी, पासबुक बघू जरा?"

"बघ की बाळा. पैसे आहेत ना रे?"

पासबुकात 18,764.50. स्क्रीनवर 18,764.50. आणखी सहा पासबुकं मागून घेतली, तीही जुळली. मग रिकव्हरी तिथेच संपवून डेटाबेस लिहिण्यासाठी खुला केला, अ‍ॅप नव्या सर्व्हरला जोडलं आणि लगेच ताजा बॅकअप लावला. 11:42 नंतरच्या पाच पावत्या काका मोठ्याने वाचत गेले, पोरगा टाइप करत गेला. प्रत्येक आकडा तो दोनदा विचारत होता.