स्पोर्ट्स अरीना १९७५ ची कॅसेट : अपडेट ३, गाडी स्पीडवर अडकली

मंडळी, तीन आठवडे गायब होतो त्याबद्दल सॉरी, पण काम चालू होतं, फक्त दाखवण्यासारखं काही नव्हतं.

नवीन आलेल्यांसाठी पटकन: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा लाइव्ह शो, लॉस एंजेलिस स्पोर्ट्स अरीना, २६ एप्रिल १९७५. टेप माइक मिलर्डची, प्रेक्षकांत बसून केलेली, नाकामिची ५५० कॅसेट डेक आणि एकेजीचे माइक (व्हीलचेअरमध्ये मशीन लपवून आत न्यायचा तो हाच पठ्ठ्या). माझ्याकडे त्याच्या कॉपीच्या कॉपीची कितवी तरी कॉपी आहे, ९८ साली मित्राच्या मामांनी अमेरिकेहून आणलेली, तीच कॉम्प्युटरवर घेऊन साफ करतोय. आता मिलर्डच्याच रेकॉर्डिंगवरून स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने साफ केलेला हा शो बँडच्या 'विश यू वेअर हिअर' अल्बमच्या पन्नाशीच्या सेटमध्ये ऑफिशियली आलाय, मग तू कशाला झटतोस असं बायको पण विचारते. ते त्यांचं, ही माझी कॅसेट, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

मागच्या वेळी हेडचा स्क्रू फिरवून अझिमथ (टेपला हेड टेकतं तो कोन) जुळवला होता, झांजा मोकळ्या झाल्या. मग ऐकताना जाणवलं की सगळं जरा चढं वाजतंय, म्हणजे टेपचा स्पीड जास्त आहे. पहिला आठवडा अल्बमशी सूर जुळवण्यात घालवला, शुद्ध वेडेपणा. एकतर अल्बम सप्टेंबरमध्ये आला, म्हणजे त्या रात्री त्यातलं 'शाइन ऑन' अजून कच्चंच होतं, आणि 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' तर दोन वर्षांनी 'शीप' होऊन 'अ‍ॅनिमल्स'वर आलं, आणि गिटारवाले त्या दिवशी कुठल्या सुरात लावून आले ते कोण सांगणार?

मग डोक्यात आलं, हम (विजेमुळे टेपवर येणारी गुणगुण) बघू! अमेरिकेत मेन्स, म्हणजे घरगुती वीज, ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. दोन गाण्यांमधल्या शांत जागा काढून स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती आवाज आहे त्याचा आलेख) बघितला तर दोन सुळके, एक बरोबर ५० वर (तो डोंबिवलीचा, माझ्याच डेकचा) आणि दुसरा ६१.१ वर. नाकामिची बॅटरीवर पण चालतो, म्हणजे हा हम हॉलमधल्या अ‍ॅम्प्सचा असू शकतो, पण मधल्या कोणीतरी अमेरिकेतच कॉपी केली असेल तर त्याच्या डेकचा पण असू शकतो. इथे जाम घोळ झाला.

वाचवलं बँडच्या कीबोर्डवाल्या रिक राइटच्या हॅमंड ऑर्गनने. हॅमंडची चाकं फिरवणारी सिंक्रोनस मोटर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते, त्यामुळे अमेरिकेत त्याचा ए हा स्वर म्हणजे ४४० हर्ट्झच. ऑर्गनचे लांब धरलेले स्वर मोजले, ते पण जवळपास १.८ टक्के चढे निघाले, ६१.१ शी हिशोब जुळला. म्हणजे वीस मिनिटांच्या गाण्यात वीसएक सेकंद खाल्लेत!

पण कॅसेटच्या साइडच्या शेवटी हाच हम ६०.७ वर येतो, त्यामुळे एकच आकडा टाकून भागत नाही, गाण्यागणिक वेगळं करतोय. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चेंज पिच नाही, चेंज स्पीड (नव्या व्हर्जनमध्ये 'चेंज स्पीड अँड पिच') वापरा, नाहीतर सूर उतरेल पण खाल्लेले सेकंद तसेच राहतील. आणि क्रम महत्त्वाचा: आधी आपला ५० चा हम काढा, मग स्पीड. मी उलटं केलं, माझा हम ४९.१ वर सरकला आणि ५० वर लावलेला फिल्टर शेजारीच रिकामा कापत बसला. दोन रात्री गेल्या.

आत्ता पहिला सेट झालाय, 'हॅव अ सिगार' धरून. दुसऱ्या सेटमधला 'डार्क साइड' अल्बम अर्धवट आहे, त्यातल्या 'मनी'च्या मधेच साइड पलटते आणि तिथे स्पीड परत उडी मारतो. शेवटचं 'एकोज' हात न लावता ठेवलंय, डिक पॅरीचा सॅक्स आहे त्यात, तो घाईत बिघडवायचा नाहीये. फाइल्स फ्लॅकमध्येच (क्वालिटी न घटवणारा फॉरमॅट) देईन, कृपया एमपीथ्री करून पुढे ढकलू नका, आणि विकू तर अजिबातच नका.