नाशिकला हिवाळ्यात घोडे ठेवणार असाल तर जागा पहाटे बघा

सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्हा) घोडेबाजाराच्या यात्रेतून घोडे घेऊन नाशिकला येणाऱ्यांसाठी आणि महाशिवरात्रीपर्यंत ते इथेच ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. खरारा (अंग घासणं), अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर), धनुर्वाताचं इंजेक्शन हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मला जे कोणी आधी सांगितलं नाही, तेवढंच सांगतो.

रस्ता सरळ आहे. दोंडाईचा, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव. धुळ्यापासून नाशिक साधारण 160 किलोमीटर. गाडी निघण्याआधी पशुवैद्यकाचा प्रवासाचा दाखला आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल हातात असू द्या. हा रोग माणसालाही होतो आणि जनावर बाधित निघालं तर ते मारावं लागतं, त्यामुळे अहवाल नसलेलं घोडं कुठलाही शहाणा पागेवाला आत घेणार नाही. टेंपोत भाताचा पेंढा जाड अंथरा. ड्रायव्हर सांगेल, "मान वर आखूड बांधा, हलणार नाही." ऐकू नका. घोड्याला मान खाली घालून नाक मोकळं करता आलं नाही की धूळ आणि घाण छातीत उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. आम्ही मालेगावच्या पुढे गाडी बाजूला घेऊन दोर सैल केले, पाणी दाखवलं, तेव्हा कुठे घोडी फुरफुरली. बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरा घोळ मुक्कामाचा. निफाडच्या बाजूला द्राक्षबागेला लागून एका फार्महाऊसवर जागा ठरवली होती. "सगळं धरून महिन्याचा एकच आकडा" असं मालक म्हणाले. जागा पाहिली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. ऊन पडलेलं, पत्र्याची लांब शेड, स्वच्छ सिमेंटची फरशी, बाहेर हिरवं गवत. फोटोत तर फारच छान दिसते.

तीच जागा पहाटे चारला वेगळी होती. उत्तरेची बाजू उघडी, वारा थेट आत. फरशीवर मूठभर तूस. मध्यरात्रीनंतर आजूबाजूच्या बागांत द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटतात, तो धूर खाली बसतो आणि शेडमध्ये साचतो. निफाडची थंडी म्हणजे चेष्टा नाही. डिसेंबर 2018 मध्ये इथे पारा 1.8 अंशांवर गेला होता. तरीही सांगतो, नुसत्या थंडीने घोडं मरत नाही. कोरडी जागा, आडोसा आणि रात्रभर चघळायला वैरण असली की ते आरामात राहतं, कारण वैरण पोटात मुरताना अंगात ऊब तयार होते. चंदी (धान्याचा खुराक) वाढवून तेवढी ऊब येत नाही. मालकाच्या माणसाने मात्र संध्याकाळी भरपूर चंदी घालायची आणि कडब्याच्या चार पेंढ्या टाकून झोपायला जायचं, अशी पद्धत ठेवली होती.

आणि पाणी. हौदातलं गार पाणी घोडी पीतच नव्हती, नुसते ओठ भिजवून मान फिरवायची. लीद आधी बारीक आणि कडक झाली, मग तिच्यावर शेंबडासारखा थर दिसू लागला. तिसऱ्या रात्री ती खुराने जमीन उकरायला लागली, वळून वळून कुशीकडे बघायला लागली. पोटशूळ. माणूस बांबूच्या नळीने तेल पाजायला निघाला होता, मी हात धरला. ते तेल श्वासनळीत गेलं तर घोडं दगावू शकतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध दिलं. तोवर आम्ही तिला बांधाबांधाने फिरवत होतो. सकाळी लीद पडली तेव्हा मी रडलो.

हिशोब करताना "सगळं धरून" मधून तूस वेगळं निघालं, लीद उचलणं वेगळं, रात्रीचा माणूस वेगळा. त्यावर मुदतीआधी जागा सोडली म्हणून अख्ख्या महिन्याचे पैसे. ठरलं त्याच्या जवळपास दुप्पट दिले. तुम्ही कागदावर लिहून घ्या: रोज किती किलो वैरण (साडेतीनशे किलोच्या घोड्याला सात किलो कोरडी, कमी नाही), किती पेंढा अंथरणार, रात्री कोण थांबणार. लिहून द्यायला मालक कां-कू करू लागला तर उठा.

बांधावरचं हिरवं गवत कितीही चांगलं दिसो, चारू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारे चालूच असतात आणि ते गवतावरही पडतात. गायी-कोंबड्यांचं तयार खाद्यही नको. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गायीला चालतं, घोड्याला ते विष आहे.

नंतर पंचवटीकडच्या एका वरातीच्या घोडेवाल्या काकांच्या पागेत हलवलं. जुनी दगडी भिंत, मातीची जमीन, नालबंद हाकेच्या अंतरावर, पाण्यात रोज गरम तांब्या ओतणारी माणसं. दिसायला काहीच नाही, पण घोडी आठवड्यात पोटभर पाणी प्यायला लागली. अडचण एकच. लग्नसराईत घोडी सारखी बाहेर जाऊन येतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे आपलं जनावर टोकाला बांधा, बादली आणि तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) वेगळा ठेवा. दुपारी ऊन कडक असतं, तेव्हा झूल काढायला विसरू नका, आत घाम येतो आणि रात्री तोच बाधतो. उतरायच्या आधी रात्री-अपरात्री येणाऱ्या, घोड्यांचा हात असलेल्या डॉक्टरांशी स्वतः बोलून ठेवा. गायी-म्हशींचे डॉक्टर पुष्कळ मिळतील, घोड्याला नळी घालणारे थोडे आहेत.