बाराशेचा पुट आणि माझे साठ शेअर

एका आयटी कंपनीचे 60 शेअर मी 1,480ला घेऊन ठेवले होते. भाव 1,215वर आला तेव्हापासून सातपूरहून ड्युटी करून घरी आलो की चहाच्या आधी एनएसईची ऑप्शन चेन, म्हणजे त्या शेअरच्या पुट-कॉल सौद्यांचा तक्ता, उघडायची सवय लागली. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकायचा हक्क, कॉल म्हणजे घ्यायचा. 1,200च्या पुटवर सगळ्यात जास्त ओपन इंटरेस्ट (ओआय), म्हणजे अजून न मिटलेले सौदे. जिथे पुट रायटर, म्हणजे पुट विकणारे, बसलेत तिथे सपोर्ट, म्हणजे भाव त्याखाली सहसा जात नाही, एवढं ऐकून माहीत होतं. वर आरएसआय हा भावाचा जोर मोजणारा आकडा 28; तिशीच्या खाली म्हणजे ओव्हरसोल्ड, गरजेपेक्षा जास्त विकला गेलेला. आता उसळी येणारच, म्हणून आणखी 20 घ्यायच्या बेतात होतो.

रविवारी मिसळ खायला बसलो असताना मेहुण्याला मोबाइल दाखवला. तो म्हणाला, "दाजी, प्रत्येक पुट विकणाऱ्यासमोर एक घेणारा असतोच ना? या आकड्यात घाई कोणाला होती हे कुठे लिहिलंय?"

पाव हातातच राहिला.

मग त्याने सांगितल्याप्रमाणे बाजार बंद झाला की वहीत लिहायला लागलो: शेअरचा भाव, 1,200च्या पुटचा प्रीमियम (त्याची किंमत), त्याचा ओआय, आणि त्यातला त्या दिवसाचा बदल. सोमवारी भाव थोडा उतरला, पुटचा ओआय वाढला आणि प्रीमियमही वाढला. म्हणजे घाई घेणाऱ्यांना होती. मंगळवारी 1,200 तुटलं, बंद 1,188. पुटचा प्रीमियम जवळजवळ दुप्पट, पण ओआय घटलेला. नफा काढणाऱ्यांमुळेही तो घटतो, हे खरं. पण त्याच दिवशी 1,200च्या कॉलवर ओआय फुगला होता. पुट रायटर पळाले होते, तिथे कॉल विकणारे बसले होते आणि कालच्या जमिनीचं छप्पर झालं होतं.

आरएसआयने मला जास्त फसवलं. तो 14 दिवसांतल्या वाढीची आणि घसरणीची तुलना करतो, बस. शेअर रोज थोडाथोडा पडत राहिला तर तो तिशीच्या खालीच लोळत राहतो. शिवाय भाव 50 आणि 200 दिवसांच्या दोन्ही सरासरींच्या खाली होता. ते मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

मधे पुट घेऊन नुकसान भरून काढायची हुक्कीही आली. पण लॉट, म्हणजे एका सौद्यातला कमीत कमी गठ्ठा, काहीशे शेअरचा, माझ्याकडे 60. एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, पुट इन द मनी राहिला (शेअरचा भाव पुटच्या भावाखाली असला) तर शेअरची डिलिव्हरी द्यावी लागते, ती कुठून देणार? मेहुण्याने वर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा 2024चा अभ्यास ऐकवला: एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत) तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. हुक्की उतरली.

बुधवारी 1,171ला 40 शेअर विकले. 12,360 रुपयांचा तोटा, ब्रोकरेज वेगळं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एवढ्यात नवा मिक्सर आणि वर फ्रिजही आला असता." फ्रिज नसता आला, पण मी वाद घातला नाही.

उरलेले 20 ठेवलेत. 1,200च्या कॉलवरचा ओआय अजून तसाच आहे, वही चालू आहे.