कॉर्डलेस ड्रिलचा चार्जर बोर्डावर तसाच राहिला तर किती युनिट जातात?

आधी चार्जर हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागला, तर आत लोखंडी कोअरचा ट्रान्सफॉर्मर आहे. जुन्या 12 किंवा 14.4 व्होल्टच्या निकेल-कॅडमियम ड्रिलबरोबर असेच चार्जर यायचे. हलका असेल तर आत एसएमपीएस आहे, म्हणजे वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. सध्याच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचे चार्जर जवळपास सगळे याच जातीचे.

ट्रान्सफॉर्मरला 230 व्होल्ट मिळत राहिले की बॅटरी असो वा नसो, त्याचा कोअर गरम होत राहतो. त्यात 2 ते 4 वॅट सहज जातात. बॅटरी काढून तासभर चालू ठेवा आणि हात लावा, कोमट लागेल. तो कोमटपणा तुमच्या बिलात आहे. चांगला एसएमपीएस चार्जर बॅटरी नसताना साधारण 0.1 ते 0.5 वॅट घेतो. भरलेली बॅटरी खोचून ठेवली तर थोडं जास्त.

हिशेब सोपा आहे. 1 वॅट वर्षभर म्हणजे 8,760 तास, म्हणजे 8.76 युनिट. अर्धा वॅटवाला वर्षाला 4.4 युनिट खातो, 3 वॅटवाला 26. युनिटला दहा रुपये धरले तर 44 आणि 263 रुपये. दर मात्र तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा धरा. बटण बंद केल्यावर वाचतात ती शेवटची, महागडी युनिटं.

आता खऱ्या चार्जिंगशी तुलना करू. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 90 वॅट-अवर. चार्जरमधला तोटा धरून बोर्डातून सुमारे 110 वॅट-अवर जातात, म्हणजे 0.11 युनिट. सव्वा रुपयाच्या आत. अर्धा वॅटचा चार्जर रोज 12 वॅट-अवर नुसता बसून खातो, म्हणजे नऊ दिवसांत एका चार्जिंगइतकी वीज. वर्षातून चारदा पडदे आणि फ्रेम लावण्यापुरतं ड्रिल काढणाऱ्याच्या घरी रिकाम्या चार्जरचा खर्च कामाच्या दहापट होतो. रोज दोन बॅटऱ्या भरणाऱ्या फर्निचरवाल्याला तोच खर्च पाच-सहा टक्के. त्याने यात डोकं घालू नये.

मोजताना बहुतेक जण फसतात. मल्टिमीटरवर 16 मिलिअँपिअर दिसले, 230 ने गुणलं, 3.7 वॅट आले, आणि चार्जर बदनाम! एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक फिल्टर कपॅसिटर असतो. तो 0.22 मायक्रोफॅरडचा असेल तर 50 हर्ट्झला एकटाच 16 मिलिअँपिअर ओढतो, पण ती वीज तो प्रत्येक सायकलमध्ये परत देतो. ते 3.7 व्होल्ट-अँपिअर आहेत, वॅट नव्हेत. घरगुती मीटर वॅट मोजतो. शिवाय 230 व्होल्टच्या वायरमध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये घालणं हे घरी करायचं कामच नाही.

सॉकेटमध्ये लावायचा स्वस्त वॅटमीटर 1 वॅटखाली कधी शून्य दाखवतो, कधी दुप्पट. एकाच प्रकारचे चार-पाच चार्जर हाताशी असतील तर एक्स्टेंशन बोर्डावर एकत्र लावून मोजा आणि भागा. एक्स्टेंशनच्या बटणातला निऑन दिवा आधी वेगळा मोजून वजा करा. तोही 0.1-0.2 वॅट घेतो.

घरच्या मीटरवर 3200 इम्पल्स प्रति युनिट लिहिलेलं असेल तर 1 वॅटला दिवा जवळजवळ 19 मिनिटांनी एकदा लुकलुकतो. त्यात मेख आहे: 5 अँपिअर बेसिक करंटचा (ज्या करंटला धरून मीटरची अचूकता ठरवतात तो) मीटर नोंद सुरू करण्यासाठी सुमारे 20 मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट मागू शकतो. एकटा चार्जर लावून मीटर हलला नाही म्हणून तो फुकट चालतो असं समजू नका. फ्रिज, वायफाय चालू असताना तो त्यांच्या बेरजेत मोजला जातोच.

तरी बटण बंद करायचं मोठं कारण बिल नाही. टायमर नसलेल्या जुन्या चार्जरवर निकेल-कॅडमियम बॅटरी दोन-तीन दिवस राहिली की जादा चार्जिंगची सगळी वीज उष्णता बनते, सेल आतून सुकतात आणि पुढे ड्रिल दहा स्क्रूंत दम टाकतं. लिथियमचा चार्जर भरल्यावर थांबतो, पण पूर्ण भरलेला सेल उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला तर लवकर म्हातारा होतो. महिनाभर काम नसेल तर निम्मी भरून, चार्जरमधून काढून, घरात गार जागी ठेवा. बंद चार्जरमध्येही खोचून ठेवू नका, काही चार्जर उलट बॅटरीतूनच थोडा करंट ओढतात.

दुसरं कारण पावसाळ्यात कळतं. खांबावरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात 230 च्या जागी 350-400 व्होल्टसुद्धा येऊ शकतात. चार्जरमधला मोठा कपॅसिटर बहुधा 400 व्होल्टचा असतो, आणि 400 व्होल्ट एसीचं शिखर 565 वर जातं. कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो, फ्यूज उडतो. 263 रुपयांत नवा चार्जर येत नाही.

आपल्याकडे सॉकेटला बटण असतं, त्यामुळे पिन उपसत बसायची गरज नाही. फक्त एकदा खात्री करा: सॉकेट रिकामं, बटण बंद, दोन्ही भोकांत टेस्टर लावा. ठळक पेटला तर वायरिंग करणाऱ्याने बटण न्यूट्रलवर घेतलंय. असं बटण बंद केलं तरी चार्जरपर्यंत फेज जिवंत राहते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घेईपर्यंत त्या बोर्डावरून पिन काढूनच ठेवा.